सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मोवरचा चालण्याचा वेग वाढवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर आणि आसपासची लग्नाची लॉन्स, बंगल्यांच्या बागा, महाविद्यालयांची आवारे आणि सोसायट्या यांच्याकडील गवत कापण्याची मशीन दुरुस्त करताना एक प्रश्न वर्षभर, आणि लग्नसराईच्या तोंडावर तर जवळजवळ रोज, विचारला जातो: मशीन आपोआप पुढे चालते खरे, पण फार हळू चालते, तर त्याचा वेग वाढवता येईल का? फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा उत्तरे लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान तयार केले आहे. येथील बहुतेक उत्तरे पेट्रोल इंजिनाच्या, हँडल धरून मागून चालायच्या आणि आडवे पाते फिरणाऱ्या मशीनसाठी आहेत. बॅटरीची आणि रिळाची (आडव्या दंडगोलावर बसवलेली अनेक पाती फिरणारी) मशीन शेवटी घेतली आहेत.

१. अशा मशीनचा नेहमीचा वेग किती असतो? माझे मशीन खरोखर मंद आहे, की मलाच तसे वाटते?

एकाच वेगाची साधी मशीन साधारणपणे ताशी साडेतीन ते चार किलोमीटर वेगाने चालतात, तर वेग कमी-जास्त करता येणारी मशीन ताशी पाच-सहा किलोमीटरपर्यंत जातात. धडधाकट माणूस मोकळ्या रस्त्याने ताशी साडेचार-पाच किलोमीटर सहज चालतो. त्यामुळे साधे मशीन पूर्णपणे ठणठणीत असले तरी मागे चालणाऱ्या उंच, तरुण माणसाला ते अडवून धरल्यासारखे वाटते, आणि तेच मशीन साठीच्या माळीकाकांना अगदी बेताचे वाटते. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी वेग मोजावा. पद्धत पुढच्या उत्तरात आहे.

२. वेग घरच्या घरी कसा मोजायचा?

सपाट हिरवळीवर टेपने २० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना चुन्याच्या रेषा ओढाव्यात. मशीन पहिल्या रेषेच्या चार-पाच पावले अलीकडून सोडावे, म्हणजे रेषेवर येईपर्यंत ते पूर्ण वेगात असेल. पुढचे चाक पहिल्या रेषेवर आले की मोबाईलवरचे घड्याळ सुरू करावे आणि तेच चाक दुसऱ्या रेषेवर आले की थांबवावे. आता ७२ या आकड्याला आलेल्या सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे ताशी किलोमीटर. १८ सेकंद लागले तर वेग ४, आणि २४ सेकंद लागले तर ३. हँडल ढकलायचे नाही, नुसते धरायचे आहे. ढकलण्याची सवय इतकी मुरलेली असते की पहिली दोन मापे हमखास चुकतात.

याच वेळी चाक घसरते का, तेही पाहता येते. चालवणाऱ्या चाकाच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि २० मीटरमध्ये तो किती वेळा वर येतो ते मोजावे. आठ इंची चाकाचा घेर सुमारे ६४ सेंटिमीटर असतो, म्हणजे ३१-३२ फेरे व्हायला हवेत. ३५-३६ झाले, तर गिअरबॉक्स आपले काम करत आहे आणि चाक जागच्या जागी फिरत आहे. त्यावरचा उपाय प्रश्न १३ मध्ये आहे.

३. नवीन होते तेव्हा मशीन पळायचे, आता रेंगाळते. मोठी पुली बसवून द्याल का?

नाही. जे मशीन पूर्वी वेगात होते त्याला मोठी पुली लागत नाही, त्याचा हरवलेला वेग शोधून द्यावा लागतो. आमच्याकडे वेग वाढवण्यासाठी म्हणून येणाऱ्या मशीनपैकी बहुतेकांची गोष्ट इथेच संपते.

होटगी रोडच्या बाजूच्या एका लग्नाच्या लॉनवरून आलेले मशीन चांगले आठवते. मालकांनी येतानाच लेथवाल्याकडून नवी पुली कातून आणली होती. मोजले तर २० मीटरला २५ सेकंद, म्हणजे ताशी तीनसुद्धा नाही. इंजिनाची गती चाकांच्या गिअरबॉक्सपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यावरचे झाकण काढले तेव्हा आत वाळून घट्ट झालेल्या गवताची वडी होती आणि तिच्यात अक्षता रुतलेल्या होत्या. मागच्या आसावर, चाक आणि डेक (पात्यावरचे कवच) यांच्या मधल्या बोटभर जागेत, झेंडूच्या माळांचा नायलॉन दोरा आणि मंडपाची सोनेरी फीत इतकी घट्ट गुंडाळलेली होती की चाक हाताने फिरवायलाही जोर लागत होता. ती ब्लेडने कापून काढली, पट्टा बदलला, केबल ताणली. त्यानंतर तेच अंतर १९ सेकंदांत पार पडले. कातलेली पुली मालक पिशवीतून परत घेऊन गेले.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी स्पार्क प्लगची टोपी काढून दूर सारावी, आणि मशीन कलते करताना कार्ब्युरेटर व एअर फिल्टरची बाजू वर राहील हे पाहावे, नाहीतर इंजिनातील तेल फिल्टरमध्ये उतरते. मग पट्टा पाहावा: त्याच्या बाजू आरशासारख्या चकाकत असतील किंवा तो पुलीच्या खाचेत तळाला टेकत असेल, तर तो घसरतो आहे. त्यानंतर केबल (प्रश्न ४), मग चाकातील दात. पुढची चाके चालवणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये चाकाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे दात असतात आणि त्यात आसावरचा छोटा गिअर बसतो. सोलापूरच्या धुळीत ग्रीस लावलेल्या या दातांची अवस्था सहाणेसारखी होते, आणि झिजलेले दात जोर आला की एकमेकांवरून उडी मारतात. त्या वेळी येणारा ‘कटकट’ आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

शेवटी पाते. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, त्यात इंजिनाचा जीव जातो, फेरे पडतात, आणि पाते व चाके दोन्ही एकाच इंजिनावर असल्याने मशीन चालायलाही मंद होते. पात्याला धार लावून चालण्याचा वेग वाढला, हे सांगितले की पुष्कळांना थट्टा वाटते.

४. केबल ताणायची म्हणजे किती ताणायची?

हँडलवरचा ड्राइव्हचा लिव्हर दाबताना पहिला थोडा भाग सैल जावा आणि नंतर ताण जाणवावा. लिव्हर सोडल्यावर मशीन हाताने मागे ओढले असता चाके मोकळी फिरली पाहिजेत. मागे ओढताना चाके अडत असतील तर केबल जास्त ताणली गेली आहे. बहुतेक मशीनवर केबलच्या मध्यावर किंवा हँडलजवळ फिरवायची नट-नळी असते. ती एका वेळी दोनच फेरे फिरवून पुन्हा तपासावे. नळी पूर्ण संपेपर्यंत फिरवूनही ताण येत नसेल, तर केबल नव्हे, पट्टा लांबला आहे असे समजावे.

५. गव्हर्नरची (इंजिनाचे फेरे ठराविक मापात ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ओढून इंजिनाचे फेरे वाढवले तर वेग आपोआप वाढेल ना?

वाढेल, आणि म्हणूनच हा उपाय सर्वांत मोहाचा आणि सर्वांत वाईट आहे. चाकांचा वेग वाढतो तसा त्याच प्रमाणात पात्याचाही वाढतो. पाते म्हणजे दीड-दोन फुटांची पोलादी पट्टी आपल्या पायांपासून हातभर अंतरावर फिरत असते. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६.५ मीटरपेक्षा, जास्त नसावा अशी मर्यादा अमेरिकी मानकात घातलेली आहे. आपल्याकडील बरीच मशीन त्याच धर्तीवर बनलेली असतात. २१ इंची पाते मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ८४ मीटर जाते. तेच फेरे ३,६०० केले की टोकाचा वेग १०० मीटरच्या वर पोहोचतो. कारखान्याने फेरे खाली का बांधून दिले आहेत, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

त्यात आपल्या हिरवळीत काय काय असते ते आठवावे. काळ्या मातीतून वर आलेली मुरमाची खडी, मंडपाचे खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचे. या वेगाने उडालेला खिळा पातळ पँट आणि चप्पल यांची पर्वा करत नाही. इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचे काय होते ते वेगळेच. गव्हर्नरला हात लावून दिलेले मशीन आम्ही आधी मूळ फेऱ्यांवर आणतो, मगच पुढचे काम हाती घेतो.

याची उलट बाजूही आहे. पुष्कळ मशीनमध्ये फेरे मूळ मापापेक्षा खाली आलेले असतात: थ्रॉटलची केबल पूर्ण ओढली जात नाही, एअर फिल्टर धुळीने बुजतो किंवा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा असतो. टॅकोमीटर (फेरे मोजण्याचे यंत्र) लावून ते पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आणणे ही दुरुस्ती आहे आणि ती अवश्य करावी.

६. मग पुली बदलून वेग वाढवता येतो का? हिशोब कसा करायचा?

येतो. मशीन पूर्ण दुरुस्त असेल, इंजिनाचे फेरे बरोबर असतील आणि तरीही चाल कमी वाटत असेल, तर योग्य मार्ग हाच. सोलापुरात हा हिशोब कोणाला शिकवावा लागू नये. यंत्रमागाच्या मोटारीची पुली बदलून मागाची गती कमी-जास्त करणारे जॉबर इथे गल्लोगल्ली आहेत, आणि इथेही गणित तेच आहे. इंजिनाच्या दांड्यावरची पुली चालवणारी, गिअरबॉक्सवरची पुली चालणारी. चालवणारी मोठी केली किंवा चालणारी लहान केली की गिअरबॉक्सचे फेरे त्या प्रमाणात वाढतात.

उदाहरण घेऊ. इंजिनाची पुली ४० मिलिमीटर, गिअरबॉक्सची १०० मिलिमीटर आणि मोजलेला वेग ३.६ आहे, आपल्याला ४.१ हवा आहे. ४.१ ला ३.६ ने भागले की १.१४ येते. म्हणजे एकतर इंजिनाची पुली ४० गुणिले १.१४, सुमारे ४५.५ मिलिमीटर करावी, किंवा गिअरबॉक्सची १०० भागिले १.१४, सुमारे ८८ मिलिमीटर करावी. हे माप पुलीच्या बाहेरच्या कडेचे घेऊ नये. पट्टा खाचेत जिथे बसतो तिथला व्यास धरावा लागतो. पट्टा खाचेत बसवून त्याच्या जाडीच्या मध्याजवळचा व्यास कॅलिपरने घेतला, तर फार चूक होत नाही. छोट्या पुलीवर दोन मिलिमीटरची चूकसुद्धा पाच टक्के असते.

पुलीचा व्यास जितका बदलेल, त्याच्या सुमारे दीडपट पट्ट्याची लांबी बदलते. इंजिनाची पुली साडेपाच मिलिमीटरने वाढवली तर पट्टा नऊ मिलिमीटर लांब लागतो. गिअरबॉक्सची बारा मिलिमीटरने कमी केली तर तो एकोणीस मिलिमीटर आखूड लागतो. थोडा फरक ताण देणारी यंत्रणा सांभाळून घेते, सगळा नाही.

दोन्हींपैकी कोणती पुली बदलावी? पट्ट्याच्या दृष्टीने इंजिनाची पुली मोठी करणे चांगले, कारण गिअरबॉक्सची पुली लहान केली की तेवढेच काम करायला पट्ट्यावर जास्त ओढ येते. तरीही आम्ही बहुतेक वेळा गिअरबॉक्सचीच पुली बदलतो, कारण इंजिनाच्या पुलीशी पाते जोडलेले असते. ती अडचण प्रश्न ७ मध्ये सविस्तर दिली आहे. लेथवाल्याला जुनी पुली नमुना म्हणून द्यावी आणि खाचेचा कोन, भोकाचे माप आणि चावीची (पुली दांड्यावर पक्की धरणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याची) खाच जशीच्या तशी ठेवायला सांगावी. फक्त व्यास बदलायचा आहे, हे दोनदा सांगावे. अनुभवी कारागीर स्वतःच्या मनाने ‘थोडी मजबूत’ पुली करून देतात आणि मग ती झाकणाला घासते.

वाढ दहा ते पंधरा टक्क्यांत ठेवावी, असे आमचे मत आहे. गिअरबॉक्सची पेटी बहुधा प्लॅस्टिकची किंवा हलक्या मिश्रधातूची असते, तिच्यातील ग्रीस ठराविक वेगासाठी असते, आणि वळताना मशीन उचलून फिरवणाऱ्या माणसाचा हातही एका ठराविक चालीला सरावलेला असतो. तीस टक्के वाढवून मागणारे गृहस्थ दर मोसमात एक-दोन भेटतात. त्यांना आम्ही मोठे मशीन घेण्याचा सल्ला देतो (प्रश्न १०).

७. माझ्या मशीनमध्ये इंजिनाची पुली आणि पात्याचा हब एकच आहे. तरी बदलता येईल का?

येऊ शकेल, पण बदलू नये. अनेक मशीनमध्ये पाते ज्या हबवर बसते त्याच्या वरच्या भागातच पट्ट्याची खाच असते आणि हा एकच भाग क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर, चावीने बसवून खालून बोल्टने आवळलेला असतो. पाते दगडावर आपटले तर त्याचा धक्का या भागावर आणि या चावीवर येतो. काही मशीनमध्ये चावी मुद्दाम मऊ धातूची ठेवलेली असते, म्हणजे चावी तुटते आणि क्रँकशाफ्ट वाचतो. लेथवर कातलेला हब किंचित जरी बाजूला धावला, तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर हँडल हातात धरवत नाही, आणि त्याच्या जागी पोलादी चावी ठोकून बसवली तर पुढचा दगड थेट क्रँकशाफ्टच वाकवतो. अशा मशीनमध्ये गिअरबॉक्सची पुली लहान करावी, नाहीतर आहे तो वेग मान्य करावा.

८. बाजारातला साधा व्ही-बेल्ट चालतो का?

थोडे दिवस चालतो. या मशीनमध्ये पट्टा हाच क्लच असतो. लिव्हर दाबला की तो आवळतो, सोडला की खाचेत सैल फिरत राहतो. त्यासाठीच्या पट्ट्याची वेष्टने घसरणे सोसण्याच्या हिशोबाने केलेली असतात आणि आतील धागा कमी लांबणारा असतो. पिठाच्या गिरणीसाठी किंवा पाण्याच्या पंपासाठी मिळणारा पट्टा सैल सोडला तरी पुलीला चिकटतो आणि धक्के देतो. शिवाय रुंदीचा प्रश्न आहेच: लॉन मोवरचे पट्टे बहुधा साडेनऊ-दहा मिलिमीटर रुंदीचे असतात, आणि दुकानदार सहज हातात ठेवतो तो ‘ए’ सेक्शनचा पट्टा १३ मिलिमीटरचा असतो. तो खाचेत वरच राहतो. त्यामुळे इंजिनाच्या पुलीचा व्यास मोठा झाल्यासारखा होऊन वेग वाढल्याचा भास होतो, आणि पंधरा दिवसांत पट्ट्याच्या कडा फाटतात.

९. नुसती चाके मोठी लावली तर?

आठ इंची चाकांच्या जागी नऊ इंची बसवली तर वेग साडेबारा टक्के वाढतो, हे गणित खरे आहे. पण त्याबरोबर डेक अर्धा इंच वर उचलला जातो, म्हणजे उंचीच्या प्रत्येक खाचेवर गवत सुमारे १३ मिलिमीटर जास्त उंच कापले जाईल, आणि फक्त चालवणारी दोनच चाके बदलली तर डेक तिरपा होईल. ज्या चाकांच्या आत दात आहेत तिथे त्याच दातांचे मोठे चाक मिळायला हवे. ते सहसा मिळत नाही. झिजलेली चाके मूळ मापाच्या नव्या चाकांनी बदलणे मात्र नेहमीच फायद्याचे ठरते.

१०. वेग वाढवून खरोखर किती वेळ वाचतो?

अपेक्षेपेक्षा कमी. दहा गुंठ्यांची हिरवळ, म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर, २१ इंची मशीनने कापायची आहे असे धरू. गवताच्या प्रत्येक पट्ट्यावर पाच सेंटिमीटर आधीचा भाग पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून कामाची रुंदी ४८ सेंटिमीटर उरते आणि माळ्याला एकूण २.१ किलोमीटर चालावे लागते. ताशी ४ च्या वेगाने ३२ मिनिटे, ताशी ४.५ च्या वेगाने २८ मिनिटे. चार मिनिटांचा फरक. वळणे आणि पिशवी रिकामी करणे यात त्याहून जास्त वेळ जातो.

एक एकराच्या लग्नाच्या लॉनवर हेच अंतर साडेआठ किलोमीटरच्या जवळ जाते आणि तिथे पंधरा मिनिटे वाचतात. पण तिथेही कापताना गवताच्या आखूड पट्ट्यांऐवजी लांब पट्टे पाडणे, मधल्या कुंड्या व कारंज्याभोवतीचा भाग आधी उरकून घेणे आणि पिशवीऐवजी गवत बारीक करून तिथेच सोडण्याची सोय वापरणे, यांनी जास्त फरक पडतो. खरी गरज रुंद पात्याची असेल, तर ती पुलीने भागत नाही.

११. वेग वाढल्यावर मधले गवत कापायचे राहून जाईल का?

हिशोबाने तरी नाही. पात्याला दोन धारा असतात, म्हणून ३,००० फेऱ्यांना मिनिटाला ६,००० काप होतात. ताशी ४ किलोमीटरला प्रत्येक कापामागे मशीन ११ मिलिमीटर पुढे सरकते आणि ताशी ६ किलोमीटरला सुमारे १७ मिलिमीटर. धारेची लांबी याच्या कितीतरी पट असते, म्हणजे काहीही सुटायला नको. प्रत्यक्षात गवत सुटते ते इंजिन दमल्यामुळे. वाढीव वेगात मशीन जास्त गवत तोंडात घेते, फेरे पडतात, डेकखालचा वारा कमी होतो आणि आडवे झालेले गवताचे पाते उभे राहण्याआधीच मशीन त्यावरून निघून जाते. मेक्सिकन लॉनसारखे दाट गवत असेल तर हे लगेच दिसते. विरळ हरळीवर सहसा दिसत नाही. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही, हा नियम पाळला तर पंधरा टक्के वाढ पचते.

१२. एप्रिल-मेच्या दुपारी मशीन हमखास मंद का होते?

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. इंजिन उत्पादकांच्या पुस्तिकांत दिलेला ठोकताळा असा आहे की दर ३०० मीटर उंचीमागे साडेतीन टक्के आणि २५ अंशांवरील दर साडेपाच अंशांमागे एक टक्का शक्ती कमी होते. ४२ अंशांच्या दुपारी हे सगळे मिळून आठ टक्क्यांच्या आसपास जाते. हलक्या गवतावर गव्हर्नर हे झाकून घेतो, दाट गवतावर ते उघडे पडते.

ज्या मशीनला पट्ट्यानंतर गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन आहे, तिथे दुसरे कारण असते. पहिली वीस-पंचवीस मिनिटे ते उत्तम चालते, नंतर आतले तेल तापून पातळ होते आणि गळतीमुळे दाब टिकत नाही. थंड झाल्यावर पूर्ववत चालत असेल, तर कूलिंगचा पंखा आणि त्यावर साठलेली धूळ पाहावी. अशा ट्रान्समिशनला आत येणाऱ्या फेऱ्यांची मर्यादा असते, म्हणून प्रश्न ६ मधला पुलीचा उपाय तिथे वापरू नये. या दिवसांत सकाळी लवकर, दव सुकल्यावर लगेच काम उरकावे. ते मशीनला आणि माळ्यालाही बरे.

१३. पावसाळ्यात मशीनची चाके जागीच फिरतात.

काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचा भरून टाकतो आणि चाक गुळगुळीत होते. त्यावर वेग वाढवला तर घसरणे वाढते, अंतर नाही. खाचा लाकडी काडीने साफ कराव्यात आणि माती हातात घेतल्यावर गोळा होत असेल तर कापणी पुढे ढकलावी. पुढची चाके चालवणाऱ्या मशीनमध्ये मागची गवताची पिशवी भरली की वजन मागे जाते आणि पुढची चाके उचलली जातात, तेव्हा पिशवी अर्धी भरताच रिकामी करावी. ओल्या, भरल्या लॉन्ससाठी मागच्या चाकांवर चालणारे मशीनच घ्यावे.

१४. मशीन एका बाजूला ओढते. हा वेगाचाच दोष आहे का?

होय, पण एका चाकाच्या. त्या बाजूच्या चाकातील दात किंवा एकाच दिशेने अडकणारी छोटी चावी झिजली आहे. प्रश्न ३ मधील तपासणी दोन्ही चाकांना वेगवेगळी लावावी आणि दात नेहमी जोडीने बदलावेत.

१५. वेग वाढवल्यापासून लिव्हर सोडला तरी मशीन थोडे पुढे सरकते. चालेल का?

चालणार नाही. नव्या पुलीमुळे पट्टा आखूड पडला आहे आणि तो कधीच पूर्ण सैल होत नाही. लग्नाच्या लॉनवर हौद, कुंपणाची तार, फोटोसाठी केलेला पाण्याचा काठ असे काही ना काही असतेच, आणि तिथे न थांबणारे मशीन धोक्याचे असते. केबल सैल करून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर योग्य लांबीचा पट्टा घालावा. तोपर्यंत मशीन वापरू नये.

१६. आमच्या माळ्याने लिव्हरला ट्यूबची पट्टी बांधून ठेवली आहे. त्यामुळे वेग वाढतो असे तो म्हणतो.

त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि तेच दुखणे आहे. केबल सैल असल्यामुळे हात जरा ढिला पडला की पट्टा घसरतो, तास-दीड तास मुठीने लिव्हर दाबून बोटे दुखतात, म्हणून तो सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतो आणि मशीन एकसारखे चालते. त्याला रागावण्याआधी केबल नीट करून द्यावी. पण पट्टी काढावीच लागेल, विशेषतः ती पात्याच्या लिव्हरवर असेल तर. हँडल सोडल्यावर तीन सेकंदांच्या आत पाते थांबले पाहिजे, अशी अट अमेरिकेत १९८२ पासून आहे आणि हा लिव्हर त्याचसाठी बसवलेला असतो. पट्टी बांधलेल्या मशीनमध्ये माणूस पाय घसरून पडला तरी पाते फिरतच राहते.

१७. माझ्या मशीनला वेगाचे टप्पे आहेत, पण सगळ्या टप्प्यांवर ते सारखेच चालते.

वेग बदलणाऱ्या पुलीचे दोन अर्धे भाग गंजून किंवा धुळीने एकमेकांशी अडकले आहेत, नाहीतर टप्प्यांची केबल निसटली आहे. हे भाग सुटे करून कोरड्या ब्रशने साफ करावेत. त्यांच्या उतारावर ग्रीस किंवा तेल अजिबात लावू नये, कारण पट्टा त्याच उतारावर धरतो. साफसफाईनंतर सर्वांत वरचा टप्पा मिळाला, तर बहुतेकांना वेगळे काही करावे लागत नाही.

१८. वॉरंटीत असताना पुली बदलली तर?

वॉरंटी जाते. आधी प्रश्न ३ आणि ४ मधील कामे अधिकृत सेवा केंद्राकडून करून घ्यावीत.

१९. बॅटरीच्या मशीनचा वेग वाढवता येतो का?

चाकांसाठी वेगळी मोटार असते आणि तिचा वेग इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. जास्त व्होल्टची बॅटरी जोडण्याचे प्रयोग नियंत्रक जाळून संपतात. हँडलवरची वेगाची पट्टी कमाल ठेवूनही मशीन मंद असेल, तर चाकांतला दोरा आणि गवत काढावे (प्रश्न ३) आणि बॅटरी उन्हात ठेवलेली नाही ना ते पाहावे. तापलेली बॅटरी स्वतःच पुरवठा कमी करते.

२०. क्रिकेट मैदानाच्या रिळाच्या मशीनला हाच पुलीचा उपाय लागू पडतो का?

इथे फार सावध राहावे लागते. रिळाच्या मशीनमध्ये दर मीटर अंतरात किती काप पडतात यावर मैदानाचा पोत ठरतो. सहा पात्यांचे रीळ मिनिटाला १,००० फेरे घेत असेल आणि मशीन ताशी ४ किलोमीटर चालत असेल, तर एका मीटरमध्ये ९० काप पडतात. रीळ तसेच ठेवून फक्त चालवणाऱ्या रोलरचे चेन-चक्र बदलून वेग ५ केला, तर हे काप ७२ वर येतात आणि जवळ वाकून पाहिले की मैदानावर बारीक आडव्या लाटा दिसतात. आउटफिल्डवर हे खपून जाईल. खेळपट्टीवर चेंडू त्या लाटा लगेच दाखवून देतो, म्हणून तिथे वेग वाढवायचा असेल तर रीळ आणि रोलर या दोघांनाही गती देणारे पहिले चक्र बदलावे, म्हणजे दोन्ही एकाच प्रमाणात वाढतील आणि काप ९० च राहतील.